कवटीवाल्यांची शिंपीण

आयुष्यभर मी ब्लाउज शिवले. कोपर स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं दुकान होतं. एक मशीन, एक टेबल, एक आरसा आणि आरशासमोर पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या बायका, एवढाच पसारा. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा ब्लाउजबद्दल चकार शब्द काढला नाही. "सरोजताई, ते कवटीवाल्यांचं लिहा," म्हणाले. म्हणजे इतक्या वर्षांचे गळे, बाह्या आणि पाठी गेल्या वाऱ्यावर, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते मूठभर एप्रन. असो. नावं बदलली आहेत. मापं बदललेली नाहीत, माझा हात धजावला नाही. ज्या दोघांबद्दल मुख्यतः लिहिलंय त्यांची परवानगी घेतली आहे. एकाने लगेच दिली, दुसऱ्याने आधी बायकोला सांगायला आठ दिवस मागून घेतले.

शिवणकामात अर्धं कसब कात्रीत असतं आणि अर्धं तोंड बंद ठेवण्यात. ट्रायल घ्यायला आलेली बाई आरशासमोर उभी राहिली की सासूपासून शेजारणीपर्यंत सगळं सांगून मोकळी होते. कुणाला दिवस गेलेत हे कधी कधी तिच्या नवऱ्याच्या आधी माझ्या टेपला कळायचं. हे सगळं पोटात ठेवायची युक्ती मला मी जिच्याकडे शिकले त्या बाईंनी दिली होती: तोंडात टाचण्या धरायच्या. दोन ओठांत चार टाचण्या असलेल्या बाईला सहसा कुणी काही विचारत नाही, आणि विचारलंच तर "अं" एवढं उत्तर पुरतं.

दुसरी माझी सवय म्हणजे मापाच्या वहीत नाव लिहायचं नाही. एकेका वहीत चार-चार वैशाली असतात, त्यांतली कुठली कोण हे सणाच्या गर्दीत कोण शोधणार? म्हणून मी माणूस लिहायची. "उजवा खांदा उतरता, खणखणीत आवाज." "पाठ रुंद, कधीच खूश नाही." शेवटी कपडा कुठे पोचवायचा ते. ही पद्धत मला फार हुशारीची वाटायची. पुढे तीच अंगाशी आली.

एका दुपारी ठाण्याहून कारखानीस नावाचे गृहस्थ आले. भर उन्हात टाय बांधलेला. त्यांनी ब्रीफकेसमधून ब्राऊन पेपरची गुंडाळी काढली आणि अगदी जपून उलगडली. आत एक एप्रन. पांढरं जाड कापड, आकाशी काठ, मधोमध जरीने भरलेले तीन दिवे. मी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कुठल्या हॉटेलसाठी?"

ते इतके दुखावले की मला पाणी द्यावं लागलं.

मग कळलं ते असं. माजिवड्याच्या एका गल्लीत, पाटी नसलेल्या, दारावर फक्त तीन दिवे कोरलेल्या दुमजली घरात त्यांची बंधुसभा भरते. महिन्यातून दोन गुरुवारी संध्याकाळी चांगली शिकलीसवरलेली माणसं जमतात, दार आतून लावतात, एप्रन बांधतात आणि एकमेकांना 'बंधू' म्हणतात. एक शपथ असते, हस्तांदोलनाची एक खास तऱ्हा असते. आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही, आणि आणखी कोण कोण येतं ते तर नाहीच नाही. त्यांचे जुने शिंपी डोळ्यांमुळे थकले होते. "काम नाजूक आहे, आणि तुम्ही बोलत नाही असं ऐकलं," कारखानीस म्हणाले. मी उत्तर म्हणून टाचण्या तोंडात धरल्या. त्यांना ते फार आवडलं.

जे दिसत नाही तिथे लोक आपल्याजवळचं काहीतरी भरतात. माजिवड्याचे रिक्षावाले त्या घराला 'कवटीवाल्यांचा बंगला' म्हणत. आत खरी कवटी आहे, तिच्यावर हात ठेवून रक्ताने सही करतात, एका बंधूने दुसऱ्याला कधी नाही म्हणायचं नाही, वगैरे. कुणाला प्रमोशन मिळालं, कुणाच्या मुलीला कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली की लोक डोळा बारीक करून म्हणत, "कवटीवाला असणार." ज्यांना प्रमोशन मिळालं नव्हतं ते तर खात्रीने म्हणत.

मी त्या घरात एकदाच गेले, पडद्यांना अस्तर लावायला. कवटी होती, पण प्लॅस्टरची, जबडा निखळून परत चिकटवलेला, तोही जरा वाकडा. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, पाठीला टोचणाऱ्या खुर्च्या आणि स्टीलचं कपाट. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता: 'बंधूंनी आपापले कप विसळून ठेवावेत.' मी बाहेर पडताना दोन बंधू गंभीर चेहऱ्याने काहीतरी खलबत करत होते. जवळून जाताना ऐकलं तर बटाटेवडे की साबुदाणावडे असा प्रश्न होता.

एप्रनचं माप म्हणजे पोटाचं माप. दोरी किती लांब, दिवे किती खाली, सगळं ढेरीवर ठरतं. दिवे ढेरीच्या वर आले तर आकाशाकडे बघतात आणि खाली आले तर जमिनीकडे. म्हणून प्रत्येक नव्या बंधूला मापाला यावंच लागे. बायकांच्या दुकानात शिरताना ही बडी माणसं रस्त्याकडे बघत बघत आत येत आणि म्हणत, "पँट आल्टर करायची आहे." हातात पँट नसे. मग मी ओळखायची.

यांच्या बायकांना काही माहीत नसे, आणि खरी गंमत तिथेच होती. एकदा बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समधून एक बाई आल्या. रडून डोळे सुजलेले. पिशवीतून माझ्याच हातचा एप्रन काढला. नवऱ्याच्या बॅगेत सापडला होता.

"ताई, खरं सांगा, हा वेटरचा आहे ना? ह्यांची नोकरी गेलीये आणि हे कुठेतरी वेटर म्हणून लागलेत. मला सांगायची लाज वाटतेय त्यांना. घरात कधी गॅसजवळ उभं न राहिलेला माणूस हो!"

मी शब्दाला बांधलेली. टाचण्या चाचपल्या, पण त्या माउलीकडे बघून तोंडात धरवेनात. मी एप्रन उजेडात धरला आणि म्हटलं, "वहिनी, ही जरी बघा. हे अस्तर बघा. एवढं काम कुठलं हॉटेल वेटरला करून देईल? नोकरी शाबूत आहे. बाकी मला काही विचारू नका." त्यांनी डोळे पुसले, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे मग आणखीच काहीतरी भानगड आहे." पुढे त्यांच्या घरी काय झालं ते मला माहीत नाही. पण त्या गृहस्थांनी दोन महिन्यांनी दुसरा, साधा एप्रन शिवून नेला. स्वयंपाकघरासाठी.

आता आमच्या बिल्डिंगचं सांगते.

चार मजले, लिफ्ट नाही, गच्ची गळकी. रीडेव्हलपमेंटचं घाटत होतं आणि एका बिल्डरचा प्रस्ताव आला होता; तो स्वीकारावा अशी कमिटीची शिफारसही बिल्डिंगभर फिरत होती. सोसायटीचे सेक्रेटरी होते दुसऱ्या मजल्यावरचे गोगटे. सरकारी नोकरीतून निवृत्त, विधुर, कमी बोलणारे. पाण्याचा पंप बंद पडला की प्लंबरला फोन करण्याऐवजी स्वतः पाना घेऊन खाली उतरणारे. हे गोगटे त्याच्या सहा वर्षं आधी एका दुपारी माझ्या दुकानात आले, फरशीकडे बघत म्हणाले, "सरोजताई, पँट आल्टर करायची होती." हातात पँट नव्हती.

मी माप घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: "४४, डावीकडे कललेली. जिन्यात द्यायचं." दुकानातून चारचौघांत नेण्याची त्यांना चोरी, आणि माझं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून घरी जाताना जिन्यातच हातात द्यायचं ठरलं होतं. पुढे गोगट्यांना शुगर निघाली. रोज पहाटे चालून चालून त्यांनी ती ढेरी पार उतरवली. वहीतली ओळ मात्र तशीच राहिली.

पहिल्या मजल्यावर पाष्टे. एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त, सोसायटीच्या कमिटीवर, आवाज असा की जिन्यात बोलले तर गच्चीत कळावं. पण माणूस उपयोगाचा. दुकानात पाणी शिरलं होतं तेव्हा माझं मशीन त्यांनी एकट्याने उचलून जिन्यावर नेऊन ठेवलेलं. त्यांची बायको सुनीता माझी गिऱ्हाईक. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण स्वभावाने गोड. एक दिवस ती ब्लाउजची वाट बघत बसली होती, मी अस्तर शोधायला आत गेले, आणि तिने चाळा म्हणून वही मागून उघडली. त्या पानावर तीन दिव्यांचं माझं कच्चं चित्र होतं. खाली पाच-सहा ढेऱ्या. आणि त्यांतल्या एकीपुढे 'जिन्यात द्यायचं.'

मी अस्तर घेऊन बाहेर येईपर्यंत त्या पानाचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर पडलेला होता.

संध्याकाळी पाष्टे दुकानात हजर.

"ओ ताई, आपल्या जिन्यात कवटीवाला कोण आहे?"

"अं."

"त्या टाचण्या काढा आधी तोंडातल्या!"

मी काढल्या. "पाष्टे, मी गिऱ्हाइकाचं माप सांगत नाही. उद्या सुनीताचं कुणी विचारलं तर सांगू?"

"ती गोष्ट वेगळी. अहो, तो बिल्डर पण कवटीवाला आहे! त्याची गाडी त्या बंगल्यासमोर उभी असते, माझ्या साडूने डोळ्यांनी बघितलेली. आणि आपल्यातला एक त्याचा भाऊ. फुल सेटिंग आहे ही! आपली घरं जायची वेळ आलीये आणि तुम्ही ब्लाउजच्या गोष्टी करताय?"

ते निघून गेले आणि मला जेवण गोड लागेना. कारण घर माझंही त्याच बिल्डिंगमध्ये होतं. बिल्डर सभेत आहे की नाही ते मला माहीत नव्हतं, त्याचं माप माझ्याकडे कधी आलं नव्हतं. पण गोगटे आहेत हे मला एकटीलाच माहीत होतं. चौदा वर्षं ज्याने आमचा पंप सांभाळला, त्या माणसाचा मला संशय आला. मी लिहिते आहे तर सगळंच लिहिते. बंद दाराआड शपथ घेतलेला माणूस शेवटी कुणाचा, भावाचा की शेजाऱ्याचा? दोन दिवस मी ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या.

रविवारी सकाळी गच्चीत सभा. पाष्टे उठले. "डायरेक्ट मापच घेऊ! पन्नाशीच्या पुढचे सगळे जेन्ट्स लाइनीत या. माप सरोजताई घेतील. त्यांचा टेप चुकत नाही."

आधी हशा झाला, मग गडबड. पुरुष एकाएकी सरळ उभे राहिले. एक जण खाली गॅस चालू राहिल्याचं सांगून निघाला, त्याला बायकोनेच खांद्याला धरून परत आणलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मला वाईट बुद्धी सुचली. गोगट्यांचं पोट आता छत्तीस. म्हणजे कुणाचंच माप जुळणार नाही, दोन घटका करमणूक होईल, पाष्ट्यांची जिरेल आणि सगळे चहा पिऊन घरी जातील. मी टाचण्या तोंडात धरल्या आणि टेप गळ्यात टाकून उभी राहिले.

"आधी माझं," पाष्टे म्हणाले. "आपलं काम ट्रान्सपरंट."

मी टेप गुंडाळला. चव्वेचाळीस. जरा मागे सरून पाहिलं. डावीकडे कललेली.

त्रेचाळीस म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण उभ्या आयुष्यात मी माप खोटं सांगितलं नव्हतं, आणि तोंडात टाचण्या असल्याने आकडा बोलायचाही नव्हता. मी टेप तसाच धरून ठेवला आणि लोकांनी वाकून वाचला.

मग कुणीतरी म्हणालं, "पाष्टे, बिल्डरच्या शिफारशीवर तुमची सही आहे ना?"

"कमिटीवर आहे म्हणून केली! म्हणजे काय..."

"अहो," सुनीता हळूच म्हणाली, "तुम्ही दर गुरुवारी बॅग घेऊन जाता ते..."

"भजनाला जातो मी! टाळ असतात त्यात!"

"टाळांना बॅग कशाला लागते?" मागून आवाज आला. आणि बघता बघता सगळी गच्ची पाष्ट्यांकडे त्या नजरेने बघायला लागली, ज्या नजरेने पाष्टे आठवडाभर सगळ्यांकडे बघत होते. त्यांचा तो आवाज कुठे गेला कळेना. ते माझ्याकडे वळले. "ताई, सांगा ना तुम्ही. मी नाही तो. तुम्हाला माहितीये."

मला माहीत होतं. पण 'हे नव्हेत' म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग कोण?', आणि त्याचं उत्तर एकच. मी उभी राहिले. माझं मशीन पाण्यातून काढणारा माणूस माझ्याकडे बघत होता आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या. याची मला आजही लाज वाटते.

मागच्या बाजूला खुर्ची सरकली. गोगटे उठले.

"पाष्ट्यांना सोडा. ते माप माझं आहे."

लोक त्यांच्या सपाट पोटाकडे बघून हसायलाच लागले.

"सहा वर्षांपूर्वीचं," गोगटे म्हणाले. "शुगरच्या आधीचं. जिन्यात मीच घेतला तो एप्रन. सरोजताईंना काही विचारू नका, त्यांनी शब्द दिलेला आहे. माझा मी मोडतो, त्यांना मोडायला लावू नका."

हसू थांबलं. "म्हणजे बिल्डर तुमचा भाऊ!" कुणीतरी ओरडलं.

"तिथे आणखी कोण येतं ते मी सांगणार नाही. स्वतःचं सांगितलं, दुसऱ्याचं सांगायचा मला हक्क नाही. पण ती फाईल उघडा. त्या शिफारशीवर कमिटीतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. माझी आहे का, तेवढं बघा."

फाईल उघडली. सगळ्यांच्या सह्या होत्या, पाष्ट्यांची सगळ्यांत ऐसपैस. 'सचिव' या शब्दावरची जागा मात्र कोरी. महिनाभर तो कागद बिल्डिंगभर फिरला होता आणि एकानेही ती रिकामी जागा पाहिली नव्हती. आम्ही सगळे ढेऱ्या बघण्यात गुंतलो होतो.

"का नाही केलीत सही?" पाष्ट्यांनी विचारलं.

"का ते विचारू नका, पाष्टे. केली नाही, एवढं वाचा."

कारण सांगितलं असतं तर तिथे आणखी कोण येतं तेही सांगितल्यासारखं झालं असतं. ज्यांना हे कळलं त्यांनी फाईल मिटली. ज्यांना कळलं नाही त्यांना इतरांनी जिन्यात समजावलं. गोगट्यांनी खिशातून पंपाच्या खोलीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे ही द्या." मग ते खाली गेले. कुणीही 'अहो, राहू द्या' म्हणालं नाही. मीही नाही.

त्या बिल्डरचा प्रस्ताव बारगळला. पंप पुढच्याच आठवड्यात बंद पडला आणि नव्या सेक्रेटरींनी प्लंबरला फोन लावला. तो चार दिवसांनी आला. आम्ही बादल्या घेऊन चढत-उतरत होतो आणि जिन्यात गोगटे भेटले की आमच्या गप्पा थांबत. ते मात्र कुणाची तरी बादली उचलून वर नेत.

वार्षिक सभेत पाष्ट्यांनीच गोगट्यांचं नाव सेक्रेटरीपदासाठी सुचवलं. उत्साहाच्या भरात अनुमोदनही देऊन टाकलं. दोन्ही एकाच माणसाला करता येत नाही हे त्यांना गोगट्यांनीच समजावून सांगितलं. तेव्हा मी उभी राहिले. तोंड रिकामं होतं. "मी देते अनुमोदन," म्हटलं, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की माझं मलाच दचकायला झालं.

मग गोगटे आणि पाष्टे पहाटे एकत्र चालायला जाऊ लागले. पाष्ट्यांच्या ढेरीवर त्याचा काही परिणाम झाला नाही, कारण परतताना ते कोपर स्टेशनबाहेर भजी खात आणि गोगटे शेजारी उभे राहून बघत.

मागच्या थंडीत मी दुकान बंद करायचं ठरवलं. सामान आवरत होते तेव्हा दुपारच्या शांततेत पाष्टे आले. रस्त्याकडे दोनदा पाहिलं. शटर अर्धं खाली ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"ताई, पँट आल्टर करायची आहे."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. पँट नव्हती.

"गोगट्यांनी शिफारस केली?"

"आतून नजर ठेवायला कुणीतरी पाहिजे ना!" ते म्हणाले. मग जरा थांबून, "सुनीताला बोलू नका हं."

मी बांधून ठेवलेल्या सामानातून टाचण्यांची डबी काढली आणि चार टाचण्या तोंडात धरल्या. टेप गुंडाळला, आकडा पाहिला, जरा मागे सरून कल पाहिला. मग वही मागून उघडली, पेन्सिल घेतली, आणि परत ठेवून दिली. लिहायचं काहीच नव्हतं. चव्वेचाळीस, डावीकडे कललेली, जिन्यात द्यायचं. ओळ तयारच होती.